बिनविम्याचे चोपदार

देवासला भाड्यानं घर मिळणं काही अवघड नाही. पण कुणाला गुपचूप राहायचं असेल तर त्यानं आमच्या घरमालकांच्या माडीवर राहू नये. मी राहिले. त्या काळात मी कोणती भाजी आणली, माझा गॅस कधी संपला, धामनोदला धंदा असलेला माझा नवरा या रविवारी आला की नाही आला, हे सगळं गल्लीला माझ्याआधी ठाऊक असायचं. कारण घरमालक, म्हणजे आमचे काका, ओट्यावर बसून ते जाहीर करायचे. संध्याकाळी मी स्कूटी लावते न लावते तोच हाळी उठायची, "माडीवरच्या बाईसाहेब दवाखान्यातून परत येत आहेत होऽऽ! पिशवीत गिलकी!"

एकदा मी चिडून औषधाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, ओढणीखाली धरून आणली. म्हटलं, आता सांगा काय सांगता ते. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बाईसाहेबांनी आज काहीतरी लपवून आणलंय होऽऽ!" अर्ध्या तासात शेजारच्या बायका वाटी घेऊन साखर मागायला आल्या. साखर कुणालाच नको होती.

खरं म्हणजे ही त्यांची वाक्यं मी शुद्ध करून सांगते आहे. काकांच्या तोंडात तेव्हा दात म्हणावेत असे काही उरले नव्हते, नुसते खुंट होते. त्यामुळे 'स' आणि 'श' ही दोन्ही अक्षरं त्यांच्या तोंडून शिट्टी होऊन निघायची, आणि फार जोर लावला तर 'फ' होऊन. बाईसाहेबचं बाईफाहेब व्हायचं. नवीन माणसाला वाटायचं की कुणीतरी कुकर उघडलाय. गल्लीला सवय होती, मलाही झाली.

हा जाहीर करण्याचा रोग खानदानी होता. त्यांचे पूर्वज देवासच्या मराठा दरबाराबरोबर महाराष्ट्रातून आले ते चोपदार म्हणून. चोपदार म्हणजे स्वारीच्या पुढे चांदीच्या मुठीची काठी घेऊन चालणारा आणि कोण येतंय, बाजूला व्हा, नीट उभे राहा, हे दरबारी थाटात ओरडून सांगणारा माणूस. त्या ओरडण्याला ललकारी म्हणतात. दरबार गेला, स्वाऱ्या गेल्या, हत्तीघोडे गेले, काठी तेवढी काकांच्या घरात राहिली आणि दसऱ्याला गल्लीतल्या देवीची पालखी निघते तिच्यापुढे ललकारी देण्याचा मान राहिला. वर्षातून एक संध्याकाळ. बाकीच्या वर्षाचं करायचं काय, म्हणून काका आम्हाला जाहीर करायचे.

नोकरी त्यांनी सोयाबीन तेलाच्या एका कारखान्यात केली, फाटकावर. तिथंही तेच. साहेबांची गाडी वळणावर दिसली की हे आतल्या शेडपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात साहेबांचं आगमन पुकारायचे. आत बिड्या विझायच्या, डुलक्या मोडायच्या, आणि साहेबांना वाटायचं की आपला फार मान राखला जातोय. कामगार खूश, साहेबही खूश. तो कारखाना पुढं बंद पडला. पेन्शन नाही, फंड नाही, काही नाही. पण काकांना त्याचं वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. ते म्हणायचे, "ती नोकरी होती गं. चोपदारी वेगळी."

दात का गेले, याचं उत्तर काकू एका शब्दात द्यायच्या, "मस्ती!" सोड्याच्या बाटल्या दातानं उघडायच्या, मांडवाच्या दोरीच्या गाठी दातानं सोडवायच्या, अख्खी सुपारी फोडून दाखवायची पैज लावायची. शेवटचा धडका दात सोनकच्छच्या बसमध्ये गेला. चिक्की खाता खाता तो चिक्कीतच राहिला, आणि काकांनी तो तुकडा शेजारच्या प्रवाशाला मोठ्या अगत्यानं देऊ केला. काकू हे सांगताना डोक्याला हात लावायच्या आणि काका अभिमानानं मान डोलवायचे.

आता माझं काम सांगते, कारण गोष्ट तिथूनच सुरू झाली. मी सरकारी दवाखान्यात कंत्राटावर होते, दातांच्या विभागात. नवीन योजना आली होती आणि ती लोकांना समजावून सांगायला मला नेमलं होतं. योजना सोपी. ज्याच्याकडे कसलाच विमा नाही, ना सरकारी, ना कंपनीचा, ना नोकरीतला, त्याचे दात सरकार आपल्या खर्चानं तपासणार. किडलेले भरणार, हलणारे काढणार, आणि ज्याला दातच नाहीत त्याला कवळी करून देणार. सोन्याचा दात नाही, दात पांढरे करून देणं नाही, गरजेचं तेवढं. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. समजायला लोकांना किती लागतात, ते मला विचारा! फुकट म्हटलं की आधी संशय येतो. एक बाई विचारायची, दात काढून दिला तर सरकार काय देतं? एका आजोबांना वाटलं की वरचे दात राज्य सरकार देणार आणि खालचे केंद्र सरकार.

पण शंका काढण्यात काकांचा हात कुणी धरला नाही. मी एका संध्याकाळी सहज ओट्यावर योजना सांगितली आणि पस्तावले. रोज मी घरी आले की नवी शंका तयार. "ज्याला विमा नाही त्याला दात मिळणार. मग दात मिळाल्यावर त्याला विमा मिळाला, तर दात परत घेणार का?" नाही घेणार, काका. "सरकार बदललं तर?" तरी नाही. "माणूस वारला तर? सरकारी माल आहे, जमा करावा लागेल. कोण काढणार तोंडातून? तहसीलदार?" काकू आतून म्हणायच्या, "अहो, तिला चहा तरी पिऊ द्या." काका चहाचा घोट घ्यायचे, त्यात भिजवलेली शेव चोखायचे आणि म्हणायचे, "आणि सरकारी दात हिंदी बोलणार गं. आमच्या मराठीला चालतील का, ते विचारून ठेव."

मी म्हटलं, "काका, एवढ्या चौकशा करताय, तर स्वतःच बसवून घ्या की."

"आम्हाला काय कमी आहे?" असं म्हणून ते तोंड उघडून हसले. कमी काय होतं ते सगळ्यांना दिसलं.

एकदा आमची शिबिराची गाडी सोनकच्छच्या मंडीत जायची होती. काकांना सरकारी गाडीत पुढं बसायची भारी हौस. ते काठी घेऊनच हजर झाले. म्हणाले, तुझा आवाज मंडीत कोण ऐकणार, तिथं आम्ही लागू. डॉक्टरीणबाई सतवासच्या, तरुण आणि हसऱ्या स्वभावाच्या, त्या म्हणाल्या, "चलने दो ना दीदी." मग काय! मंडीत गाडी थांबली आणि काकांनी गव्हाच्या पोत्यांवर उभं राहून योजना पुकारली. हिंदीत पुकारली, पण थाट सगळा दरबारी. ट्रॅक्टरवाले थांबले, हमाल थांबले, तोलारे काटा सोडून आले. इतकी माणसं माझ्या भोंग्यानं कधी जमवली नव्हती. "फबके दांत मुफ्त होंगे होऽऽ!" असं काका गर्जत होते.

तेवढ्यात एक शेतकरी विडी बाजूला करून मालवीत म्हणाला, "बा साब, पेलां तमारा दांत तो लगवई लो!"

अख्खी मंडी हसली. आमचा ड्रायव्हर हसला, डॉक्टरीणबाई तोंडावर रुमाल धरून हसल्या, आणि मीही हसले, उगीच कशाला खोटं बोलू? काकाही हसले. पण परत येताना टोल नाका आला तरी त्यांनी तो जाहीर केला नाही, तेव्हा मला जरा चुकल्यासारखं झालं.

त्याच आठवड्यात उत्सव समितीचे अध्यक्ष घरी आले. अध्यक्ष म्हणजे गल्लीतलाच टेंट हाऊसवाला, तिशीतला, मराठी घरचा पण हिंदीत वाढलेला. काकांच्या पाया पडला, चहा घेतला, आणि चुळबुळ करत म्हणाला, "काकाजी, बुरा मत मानना. पिछले दसरे पे किसी को कुछ समझ में नी आया. आप बोल रहे थे और पीछे से लौंडे सीटियाँ बजा रहे थे. पालखी के आगे अच्छा नी लगता. इस बार धारवाले काकाजी को बोल देते हैं."

धारवाले म्हणजे काकांचे चुलतभाऊ. आमचे काका त्यांना 'धारचं संस्थान' म्हणायचे. माणूस कडक इस्त्रीचा, बोलणं मोजून, आणि तोंडात दोन्ही रांगा भरलेल्या. दर दसऱ्याला ते धारहून बसनं यायचे, पालखीच्या बाजूला हात बांधून उभे राहायचे, आणि परतीची बस पकडायचे. वडिलांच्या पिढीत काठी कुणाकडे राहावी यावरून बिनसलं होतं. दोघं एकमेकांशी बोलत नसत. माझं माहेर धारचं, म्हणून काका अधूनमधून मला विचारायचे, "धारचं संस्थान कसं काय आहे? दात आहेत ना अजून?" आहेत म्हटलं की त्यांना आनंद व्हायचा नाही.

अध्यक्ष गेला आणि काकांनी जेवणाच्या ताटाकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू माडी चढून वर आल्या. त्या कधी वर येत नसत, गुडघे दुखायचे. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुझ्या सरकारला म्हणावं, काही कर, पण दसऱ्याच्या आत यांना दात दे. बाकी सगळं गेलं तेव्हा हे हसत होते. ही काठी गेली ना, तर हा माणूस राहायचा नाही गं." काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, काकू, आजच घेऊन जाते.

कागद नीट होते. ओळखपत्र होतं, रहिवासाचा दाखला होता, विमा तर सात पिढ्यांत कुणी पाहिला नव्हता. असा सरळ अर्ज मी आजवर बघितला नव्हता. काका डोक्याला पागोटं बांधून, काठी घेऊन खिडकीशी उभे राहिले. आत संगणकावर एक तरुण बसलेला, इकडच्या बोलीत सगळ्यांचा 'भिया', म्हणजे भाऊ. त्यानं मान वर न करता विचारलं, "दादाजी, कोई बीमा है?"

काका म्हणाले, "है."

मी दचकले. भिया म्हणाला, "किसका?"

"दरबार का."

"ये कौन-सी कंपनी है?"

"कंपनी तो बाद में आई बेटा. दरबार उसके पहले का है."

भियानं यादीत शोधलं. यादीत दरबार नव्हता. भिया प्रामाणिक मुलगा, त्यानं 'अन्य' या खान्यावर बोट मारलं. मी "अरे थांब थांब" म्हणेपर्यंत पडद्यावर लाल अक्षरात 'अपात्र' आलं. भियानं हसून समजूत घातली, "दादाजी, जिसका बीमा है उसको इसमें नी मिलता. आप अपने दरबार से ही करवा लो."

घरी आल्यावर मी अशी भडकले की विचारू नका. भाडेकरूनं घरमालकाशी असं बोलू नये, पण बोलले. म्हटलं, "काका, कसला विमा? काय डोकं फिरलंय का तुमचं?"

काका शांतपणे म्हणाले, "आमच्या पणजोबांना दरबारात सांगितलं होतं, तुम्ही पुढं चाला, तुमचं मागचं आम्ही बघतो. मागचं म्हणजे काय? बायकापोरं, दुखणीखुपणी, म्हातारपण. विमा याहून काय वेगळा असतो, तूच सांग. तूच ना तो रोज समजावतेस लोकांना?"

मी म्हटलं, "अहो, पण दरबार संपला की!"

"संपला असं आम्हाला कुणी कळवलंय?"

मी काकूंकडे पाहिलं. काकू लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "कळवणार कोण? ते काम चोपदाराचं. आणि चोपदार तर हे स्वतःच बसलेत."

काकांनी काकूंकडे बघितलं. मला वाटलं आता हे ओरडणार. ओरडले नाहीत. ओट्यावर जाऊन बसले, आणि समोरून कोण गेलं, कोण आलं, काही सांगितलं नाही. मी त्यांना परत परत समजावलं की त्या खिडकीशी फक्त एक 'नाही' म्हणायचं आहे, विमा नाही, कुणाचा आधार नाही, मग मी भियाकडून नोंद बदलून घेते. ते म्हणायचे, "तू म्हण की." मी म्हटलं, माझ्या म्हणण्यानं होत नाही, ज्याचे दात त्यानंच सांगावं लागतं. "मग राहू दे," म्हणायचे. दसरा जवळ येत होता. खुंट काढायचे, हिरड्या भरायच्या, मग मापं, मग कवळी. डॉक्टरीणबाई रोज विचारायच्या, "दीदी, वो आपके राजा साहब आए नहीं?"

आणि एका सकाळी आले. एकटे आले नाहीत, काकू मागं होत्या. मंगळवार होता, म्हणजे आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दीचा दिवस. बाकांवर, जमिनीवर, जिन्यावर माणसं. कुणाचा गाल सुजलेला, कुणाच्या तोंडात बोळा. काका खिडकीशी गेलेच नाहीत. दालनाच्या मधोमध उभे राहिले, काठी फरशीवर आपटली, आणि छाती भरून घेतली.

"आफ्ते कदम! निगाह रखोऽऽ! लहानथोर फर्वांनी ऐकावं होऽऽ! चोपदारांचं घराणं आजपाफून बिनदरबाराचं होऽऽ! बिनपगाराचं होऽऽ! बिनविम्याचं होऽऽ! यांचं मागचं बघणारं कुणी उरलं नाही होऽऽ!"

निम्म्या लोकांना मराठी कळत नव्हती, आणि ज्यांना कळत होती त्यांनाही काकांची कळणं कठीण. तरी बाकावरची माणसं उठून उभी राहिली. गाल सुजलेला एकजण हात जोडून उभा राहिला, कुणाला ते त्यालाही माहीत नसावं. इंजेक्शनची सुई हातात धरून डॉक्टरीणबाई दारात आल्या. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि रडूच जास्त येत होतं. भिया खिडकीतून डोकं बाहेर काढून मला हळूच म्हणाला, "दीदी, तो क्या लिखूँ?"

"नहीं लिख," मी म्हटलं. "कोई बीमा नहीं."

काकू पुढं आल्या, काकांच्या पागोट्याचं सुटलेलं टोक खोचलं, आणि म्हणाल्या, "झालं ना सांगून? बसा आता. नंबर आला की बोलावतील." काका बसले. नंबर आला तेव्हा शेजारच्याला म्हणाले, "पहिलीच वेळ आहे. आम्हाला कुणीतरी पुकारलं."

पुढचे दिवस काकांनी दातांच्या विभागाला पुरता घाम फोडला. खुंट काढताना ओरडायचं नाही म्हणून ते दर वेळी डॉक्टरीणबाईंचं नाव, गाव आणि शिक्षण जाहीर करायचे. मापासाठी तोंडात पेस्ट भरली, तर म्हणाले चव बरी नाही, थोडं मीठ घाला. दातांचा रंग निवडायची वेळ आली तेव्हा ते पिवळट रंगावर अडून बसले. "इतके पांढरे दात लावले तर लोक म्हणतील कुणाचे तरी उसने आणलेत. आमच्या वयाला शोभतील असे द्या, थोडी तंबाखू खाल्लेले." डॉक्टरीणबाईंनी त्यातल्या त्यात मळका रंग शोधून दिला. मेणात दात लावून बघतात, त्या दिवशी बाई म्हणाल्या, "दादाजी, साठ से सत्तर तक गिनती बोलिए." काका म्हणाले, "गिनती कशाला? ललकारी बोलतो." आणि मेणाचे दात बाईंच्या ट्रेमध्ये येऊन पडले.

कवळी मिळाली तेव्हा दसऱ्याला थोडेच दिवस उरले होते. दात दिसायला झकास, पण बोलायला लागले की टकटक वाजायचे. 'त' म्हटला की टक, 'द' म्हटला की टक. "बघ," काका मला म्हणाले, "हिंदी बोललो तर गप बसतात, मराठी आली की अडतात. सांगितलं नव्हतं तुला?" डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की रोज मोठ्यानं वाचा, जीभ आपोआप जागा शोधते. घरात मोठ्या अक्षरांचं वाचण्यासारखं काय होतं, तर माझ्याकडचं योजनेचं माहितीपत्रक. काका ते सकाळ संध्याकाळ ओट्यावर बसून वाचायचे. कोण पात्र, कोण अपात्र, कोणती कागदपत्रं, कोणत्या वारी यायचं, काय मिळणार, काय नाही मिळणार. दुधवाल्याला पाठ झालं. समोरची शाळकरी पोरगी खेळता खेळता म्हणायला लागली. आमच्या गल्लीतून जेवढे लोक दात दाखवायला आले तेवढे दुसऱ्या कुठल्याही गल्लीतून आले नाहीत, आणि एकानंही मला काही विचारलं नाही. सगळे सगळं समजून आले होते. मला तेव्हा माझ्या नोकरीची काळजी वाटली.

दसरा आला. अध्यक्ष अजून धास्तावलेलाच होता. त्यानं धारच्या काकांना बोलावून ठेवलं होतं, लागलं तर असावेत म्हणून. ते आले, तशाच कडक इस्त्रीत, आणि नेहमीसारखे पालखीच्या बाजूला हात बांधून उभे राहिले. आमच्या काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. जुना लाल अंगरखा, पागोटं, हातात काठी. मी आणि काकू ओट्यावर होतो. काकूंनी माझा हात घट्ट धरला होता. पालखी उचलली गेली.

"आस्ते कदम! सावध व्हा होऽऽ! देवीची स्वारी सीमेस निघाली होऽऽ! शस्त्रं सांभाळा, सोनं सांभाळा, दर्शनास सादर व्हा होऽऽ!"

काय सांगू! एकूण एक 'स' सुटा आणि स्वच्छ. ना शिट्टी, ना टकटक. इतकी वर्षं ज्यात नुसती हवा ऐकली, त्यात एवढे शब्द होते हे मला पहिल्यांदा कळलं. मी टाळी वाजवायला हात उचलला आणि थांबले, कारण गल्ली चिडीचूप होती. पोरांना दरवर्षीची सवय, काका शिट्टी मारणार आणि मग मागून आपण मारायची. या वर्षी काकांनी मारलीच नाही. कुणाला काय करावं सुचेना. मागून एकजण म्हणाला, "सीटी नी बजी, भिया. मज्जा नी आया." दोघंतिघं हसले.

काकांच्या कानावर ते गेलं. त्यांनी दुसऱ्यांदा ललकारी दिली, तितकीच स्वच्छ, पण आवाज थोडा खाली उतरला होता. पुन्हा तीच शांतता. मला त्या गल्लीचा असा राग आला की वाटलं, उठावं आणि एकेकाला धरून हलवावं. तो माणूस एवढं करून उभा राहिला, चारचौघांत काय काय तोंडानं बोलला, आणि या लोकांना शिट्टी हवी! काकांनी तिसऱ्यांदा काठी उचलली, आणि ती अर्ध्यातच थांबली. त्यांना पुढं जावं की नाही तेच कळेना.

तेवढ्यात पालखीच्या बाजूनं आवाज आला. जाड, जुना, आणि थोडासा फाटलेला.

"सावध आहोत जीऽऽ! सादर आहोत जीऽऽ! मागची काळजी नसावी जीऽऽ!"

धारचे काका होते. बांधलेले हात सुटले होते, मान ताठ होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मी काकूंना विचारलं, "हे काय?"

"उत्तर गं," काकू म्हणाल्या. "पुढचा पुकारतो, मागचा उत्तर देतो. मागून उत्तर द्यायचं काम धारच्यांचं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी ऐकलं होतं. मग भांडणं झाली आणि बंद पडलं. मीच विसरले होते की याला उत्तर असतं."

काका मागं वळले. पालखी थांबली, ढोलवाले थांबले, अध्यक्ष घाबरला. भर रस्त्यात, देवीसमोर, काका चुलतभावावर कडाडले, "इतकी वर्षं कुठं होतास रे? दर दसऱ्याला येतोस, तोंड मिटून उभा राहतोस, आणि जातोस! एकदा उत्तर द्यायला काय झालं होतं तुला?"

धारचे काका रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "दादा, पहिली काही वर्षं रागात होतो, ते कबूल. पण नंतर उत्तर देणार कशाचं? तुम्ही बोलावताय की हाकलताय, तेच कळत नव्हतं!"

आधी काकू हसल्या. मग ढोलवाले, मग सगळी गल्ली. काका इतके हसले की वरची कवळी निसटली, ती त्यांनी हातानं दाबून जागेवर बसवली. मग डोळे पुसले, पागोटं सारखं केलं आणि काठी उंच धरली.

"चल, मागं उभा राहा," ते भावाला म्हणाले. "आणि मोठ्यानं दे. आता मला सगळं ऐकायचंय."